उडवू?

आपला आवाज नायिकेच्या तोंडातून येताना माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा एकतर हसतो नाहीतर लाजतो, असं मावशीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. कुजबुजला दोन्हीपैकी काहीच जमलं नाही. पडद्यावरची सैनिक बाई, बाई कसली, एकोणीस-वीस वर्षांची पोरगीच ती, खुर्चीत पुढे झुकली. तिचे ओठ गोल झाले, सुटले, पुन्हा गोल झाले आणि त्यांतून कुजबुजचा आवाज आला, "उडवू?" शब्द त्या ओठांवर असा चपखल बसला होता, की जणू ती पोरगी आईच्या पोटातूनच मराठी शिकून आली असावी. काचेपलीकडे मावशीने टाळी वाजवली. तिच्या शेजारी बसलेल्या सिनेमा कंपनीच्या माणसाने सकाळपासून फोनमधून मान वर काढली नव्हती, त्यानेही ती काढली. मशीनवर बसलेल्या बोटेदादाने अंगठा दाखवला. कुजबुज मात्र पडद्याकडेच बघत राहिली. कारण पडद्यावरच्या पोरीचे डोळे काठोकाठ भरले होते, हनुवटीखालची शीर थडथडत होती, आणि आवाज? आवाज शाळेला सुट्टी लागल्यासारखा उड्या मारत होता.

हे कुणालाच कसं ऐकू आलं नाही? तिने काचेतून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे खूश होते. मावशीने तर कौतुकाने कपाळावर बोटं मोडली. त्या काचेतून आवाज येत नाही, फक्त तोंडं हलताना दिसतात. बोटेदादाने बटण दाबलं तरच पलीकडचं बोलणं कानावरच्या हेडफोनमध्ये येतं. त्याचं नाव काही बोटे नव्हे. त्याची दहा बोटं मशीनवर एकाच वेळी दहा कामं करतात म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात. तसंच कुजबुज हेही तिचं नाव नव्हे, हे काय सांगायला हवं! पहिलीतल्या बाईंनी ते ठेवलं. हजेरीला ती "हजर" म्हणायची ते बाईंना कधी ऐकूच जायचं नाही, आणि वर्षाच्या शेवटी समोर बसलेली ही मुलगी कागदोपत्री महिनाभर गैरहजर निघाली. नऊ वर्षं ती वर्गात, घरात, दुकानात ओठांतल्या ओठांत बोलत राहिली. यंदा मात्र, सोळाव्या वर्षी, कुठून कसा कोण जाणे, तिला आवाज फुटला. एके दिवशी मैदानावर कुणाला तरी हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तीन वर्ग खिडकीत आले. त्या दिवसापासून ती थांबायचं नाव घेईना. जिन्यात गा, बाथरूममध्ये भाषणं ठोक, वाण्याशी उगाच हुज्जत घाल. आई म्हणाली, एवढ्या वर्षांचं साठलेलं आहे, वाहून जाऊ दे. आणि मावशी, जी परभाषेतल्या सिनेमांना मराठी आवाज द्यायचं काम गेली वीस वर्षं करत होती, ती म्हणाली, वाहून का जाऊ दे, माझ्याकडे पाठव.

आधी गर्दीचे आवाज झाले. मग दुकानातली मुलगी, मग रडणारी शेजारीण. आणि आज हा सिनेमा, मुख्य भूमिका. सिनेमा युद्धाचा होता, पण त्यात कुणी धावत नव्हतं की कुणी कुणाला मिठी मारून मरत नव्हतं. एक बिनखिडकीची लोखंडी खोली, तिच्यात ही पोरगी आणि तिचा साहेब. हजारो मैलांवर एका घरावर त्यांचं ड्रोन घिरट्या घालतंय आणि ते घर यांच्यासमोर पडद्यावर वरून दिसतंय. घरात तीन माणसं. महिनाभर शोधल्यावर आज सापडलेली. संध्याकाळी भरल्या बाजारात ती स्फोट करणार अशी पक्की खबर, आणि पाच मिनिटांत घरातून निघणार हेही पक्कं. अंगणात दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. त्या कॅमेऱ्यात गरम ते पांढरं दिसतं आणि थंड ते काळं, म्हणजे माणूस नुसता पांढरा ठिपका आणि ओली चादर काळी. चादरीमागे कुणी उभं असलं तरी दिसायचं नाही. पण एका चादरीच्या काठाखाली दोन लहान पांढरे ठिपके.

"पाय आहेत ते, साहेब," पोरगी म्हणते.

"चादर आहे ती. चादरीला पाय नसतात."

"या चादरीला आहेत."

"गरम पाण्याच्या बादल्या असतील."

"बादल्या या पायावरून त्या पायावर उभ्या राहत नाहीत, साहेब."

मग साहेब हळू आवाजात विचारतो, "आणि संध्याकाळी बाजारात किती पाय असतील? मोज." अकरा सेकंद नुसतं यंत्र गुणगुणतं. मग ती विचारते, "उडवू?" साहेब म्हणतो, "उडव." आणि पडदा पांढरा होतो.

साहेबाचा आवाज खलनायक काकांचा होता. ते जन्मभर पडद्यावरच्या दुष्टांची तोंडं चालवत आले होते आणि प्रत्यक्षात मुंगीसुद्धा पाय उचलून ओलांडायचे. त्यांचं काम कालच होऊन गेलं होतं. तरी आज ते डबा घेऊन आले, कारण घरी सून स्वतःशी मोठ्याने बोलू देत नाही, असं ते म्हणाले. आणि "उडवू" हा शब्द? तो कुजबुजचाच. कागदावर "कारवाई करू का?" असं होतं. ते म्हणून होईपर्यंत पोरीचं तोंड केव्हाच मिटलेलं असे. मावशी वैतागली, तिने "मारू?" करून पाहिलं, पण म म्हणायला ओठ मिटावे लागतात आणि पडद्यावरचे ओठ तर सुरुवातीलाच गोल. तेव्हा माईकसमोरून कुजबुज म्हणाली, "मावशी, उडवू?" हेडफोनमध्ये बोटेदादा म्हणाला, "आयला! हातमोजा बसावा तसा बसला की." तिचे कान गरम झाले. शब्द तिने शोधला होता! मग पहिल्यांदा म्हणताना आवाज भीतीने कापला, तर मावशी म्हणाली, "पोटातून काढ गं. एखाद्या उंच जागी उभी आहेस आणि लांबच्या माणसाला विचारतेयस, असं समज." कुजबुजने डोळे मिटले. उंच जागा तिला लगेच दिसली. टेकडी दिसली. आणि शब्द आला तो हा असा, नाचत.

जेवणाची सुट्टी पाऊण तासाची होती. चार वाजता काम कंपनीच्या माणसाच्या हवाली करायचं होतं. जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन ती बसली तेव्हा काका तिच्या खालच्या पायरीवर बसले. "काय गं, आज भाव खायचा दिवस, आणि तू साधं जेवतही नाहीस?" ती म्हणाली, "काका, त्यात मी खूश वाटते ना?" काका म्हणाले, "खूश असायलाच हवं! मी पहिल्यांदा गळा दाबला ना कुणाचा, पडद्यावर म्हणतो मी, तेव्हा घरी पेढे," मग तिचा चेहरा पाहून ते थांबले. घास गिळला. "हे बघ बाळा, आपण नुसतं तोंड देतो. हात त्यांचे, डोळे त्यांचे, पाप त्यांचं. मी काल 'उडव' म्हटलं आणि त्यानंतर दोन चपात्या जास्त खाल्ल्या." "पण तुम्ही म्हणण्याआधी पाहिलं होतं का?" "काय पाहिलं होतं?" "चादरीखाली." काका हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. "माझ्या तुकड्यात नुसता साहेबाचा चेहरा होता गं," ते म्हणाले. "चादर म्हटलं, पण ती पाहिली कुठे?"

पाहिल्याशिवाय उडव म्हणायचं नसतं. हा नियम तिच्या अंगात एवढा खोल मुरलेला होता की तो नियम आहे हेही ती विसरली होती. बाबा मोजणी खात्यात. जमिनी, रस्ते, छपरं मोजणं हे त्याचं काम, आणि ती सात वर्षांची असताना खात्यात पहिल्यांदा ड्रोन आलं. चार हातांचं, करड्या रंगाचं. घरात त्याला सगळे कोळी म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी बाबा तिला बरोबर न्यायचा. कोळ्याचे पंखे बोट कापतात, म्हणून बाबाने रीत घालून दिली होती: ज्याच्या हातात डबी, म्हणजे कोळ्याचं रिमोट, त्याने मोठ्याने विचारायचं आणि दुसऱ्याने चारी दिशांना पाहायचं, मग वर पाहायचं, आणि मगच उत्तर द्यायचं. डबी तिच्या हातात असे. ती, जी शाळेत हजर म्हणू शकत नव्हती, ती टेकडीवर वाऱ्यात उभी राहून फुफ्फुसं फाटेस्तोवर ओरडायची, "बाबा, उडवू?" बाबा पुढे बघायचा, मागे बघायचा, डावीकडे, उजवीकडे, वर. एकही दिशा गाळायचा नाही. मग म्हणायचा, "उडव, बयो!" आणि कोळी उठायचा, पायाखालची धूळ उडायची, पोटात गुदगुल्या व्हायच्या. अख्ख्या आठवड्यात तिचा आवाज म्हणून जो काही होता तो या एका शब्दात होता. तोच तिने आज काढून आणला होता. तोच, जसाच्या तसा, धुळीसकट, गुदगुल्यांसकट, आणि नेऊन ठेवला होता कुठे, तर त्या चादरीवर.

डब्याचं झाकण तिच्या हातून निसटलं आणि घरंगळत पार खालच्या मजल्यापर्यंत वाजत गेलं. काका ते आणायला उतरले. ती तशीच बसून राहिली, कारण टेकडीच्या मागून आणखी काहीतरी वर येत होतं आणि ते येऊ नये असं तिला वाटत होतं. टेकडीखाली नाल्याच्या काठाने पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती. एका सुट्टीच्या दिवशी बाबा तीच मोजत होता. डबीवरच्या छोट्या पडद्यावर छपरं दिसत होती, छपरांवर ठेवलेले दगड, दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. एका छपरावर एक मुलगी होती, तिच्याच वयाची किंवा थोडी मोठी, ओला फ्रॉक दगडाखाली दाबून वाळत घालणारी. तिने मान वर केली आणि हात हलवला. "बाबा, ती हात करतेय! आपणही करू या ना." बाबा म्हणाला, "कोळ्याला कुठे हात असतात?" तिने हट्ट धरला. मग बाबाने डबी तिच्या हातून घेतली आणि कोळ्याला हळूच डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं, पुन्हा डावीकडे. छपरावरची मुलगी दोन्ही हात वर करून उड्या मारायला लागली. तिच्या उड्यांनी पत्रा किती वाजला असेल! त्यांना काही ऐकू आलं नाही. कोळ्याला डोळे होते, कान नव्हते.

सहा महिन्यांनी एका दुपारी बाबा लवकर घरी आला आणि न बोलता जेवला. आईने विचारलं, काय झालं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "ती नाल्याकाठची वस्ती उडवली आज. रस्त्याला जागा हवी होती." आई म्हणाली, "आणि माणसं?" तो म्हणाला, "देणार आहेत म्हणे कुठेतरी." कुजबुज टेबलाखाली बसून चित्रं काढत होती. तिने ऐकलं ते एवढंच: उडवली. आणि तिला काय आनंद झाला! कारण उडवायचं म्हणजे काय हे तिला कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. चारी दिशांना पाहायचं, वर पाहायचं आणि उडवायचं. तिने त्याच क्षणी कागद घेतला आणि वस्ती काढली. प्रत्येक घराला चार पंखे. घरं ढगांतून चाललेली, दोऱ्यांवरचे कपडे मागे फडफडतायत, आणि सगळ्यांत पुढच्या छपरावर ती मुलगी, दोन्ही हात वर. खाली एवढुशा अक्षरात लिहिलं, बाबाने वस्ती उडवली. चित्र तिने बाबाला दिलं. त्याने ते बराच वेळ हातात धरलं. मग कपाटाच्या दारावर चिकटवलं. तिथे ते नऊ वर्षं आहे. कागद पिवळा पडला, एक कोपरा सुटला तर बाबाने स्वतः नवी चिकटपट्टी लावली. रोज सकाळी कपाट उघडताना कुजबुज ते बघते, म्हणजे बघत नाही, ते असतं. नऊ वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नाही की घरं उडत नसतात. अर्थात आलं असणार. ती काय एवढी खुळी आहे? सोळा वर्षांची आहे ती. पण कळणं वेगळं आणि हे आता जे पोटातून वर चढत होतं ते वेगळं.

तिने फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती, बाबा कामावर होता. "बोल बयो, झालं काम? चारला येतोच घ्यायला."

"बाबा, ती नाल्याकाठची वस्ती. आपण मोजली ती."

घरघर चालू राहिली. "हं."

"मोजताना तुला माहीत होतं? की तिचं काय करणार आहेत ते?"

आता नाही म्हण, ती मनात म्हणाली. बाबा, तू नाही म्हण, मी विश्वास ठेवते.

"माहीत होतं," बाबा म्हणाला.

"मग त्या छपरावरच्या मुलीला हात का केलास?"

पलीकडे कुणीतरी बाबाला काहीतरी विचारलं आणि बाबाने त्याला थांब म्हटलं असावं, कारण घरघर बंद झाली. "तू म्हणालीस म्हणून," बाबा म्हणाला.

तिला राग आला होता का? तिला ठरवता येईना. बाबा वाईट आहे असं म्हणायला जीभ उचलत नव्हती आणि नाही म्हणायलाही उचलत नव्हती. बाबाने नसती मोजली तर दुसऱ्या कुणी मोजली असती. रस्ता झाला, त्या रस्त्यावरून रोज तिची शाळेची बस जाते, रुग्णवाहिका जातात, कुणाकुणाचे जीव त्यामुळे वाचले असतील, मोज. संध्याकाळी बाजारात किती पाय असतील, मोज. तिचा सगळा विचार त्या साहेबाच्या आवाजात चालला होता. आणि साहेब चुकीचं बोलत होता असंही नव्हतं, हीच तर मोठी पंचाईत. पडद्यावरच्या पोरीने बटण दाबलं नसतं तर? तेही बरोबर झालं नसतं. मग तिने करायचं तरी काय होतं? निदान, कुजबुजला वाटलं, निदान विचारायला तरी हवं होतं. खरं विचारायला. आणि तिने विचारलं होतं! तिच्या भाषेत, तिच्या आवाजात, डोळ्यांत पाणी आणून तिने विचारलंच होतं. तो प्रश्न तिच्या तोंडातून काढून घेऊन तिथे टेकडीवरची आरोळी कोंबली होती ती कुजबुजनेच.

"मावशी, मला ते वाक्य पुन्हा म्हणायचंय."

मावशी चहा ढवळत होती. कंपनीचा माणूस खिडकीशी फोनवर होता. "कुठलं?"

"उडवू."

"वेड लागलं का तुला? अगं, तेच तर सोनं झालंय," मावशीचा आवाज खाली आला. "तो काय म्हणाला माहितीये? सिनेमाची सगळी जाहिरात त्या एका शब्दावर करणार. उडवू? उडव! पडदा पांढरा. नाव. पुढच्या तीन सिनेमांत मुख्य मुलगी तूच, असं म्हणाला मघाशी."

"ते चुकलंय पण. ती रडतेय आणि मी मजा करतेय."

"लोकांना जान लागते गं आवाजात. रडकं कोण ऐकतं?" मग मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. चमचा थांबला. "हे बघ, तुझा आवाज उघडला म्हणून तुला आणलं. आता पुन्हा तोंडातल्या तोंडात गेलीस तर मी तरी काय करू? मला दुसरी मुलगी बघावी लागेल. आणि मावशी म्हणून मला ते जड जाईल, पण बघावी लागेल."

कुजबुजला पहिलीतला वर्ग आठवला. हजर, बाई. हजर. आणि बाईंचा हात वहीवर गैरहजरीची खूण करतोय. तिला वाटलं, राहू दे, काय फरक पडतो? त्या चादरीमागची मुलगी नटीच आहे, तिलाही दुपारी डबा मिळाला असेल. पण तिच्या तोंडाने तिच्या आधीच उत्तर दिलं होतं. "एकदाच," ते म्हणत होतं, "एकदाच, मावशी. मग तू म्हणशील ते."

पावणेचारला ती माईकसमोर उभी राहिली. बूट बाहेर काढलेले, कारण ते करकरतात. भिंतींना जाड स्पंज, ज्याच्यामुळे तिथे आपला श्वासही परका वाटतो. काचेपलीकडचं दार उघडलं आणि बाबा आत आला. मोजणीवरून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत धूळ. मावशीने त्याला मागची खुर्ची दाखवली. तो बसला नाही. काकाही दाराशी येऊन उभे राहिले, हातात तिच्या डब्याचं झाकण. हेडफोनमध्ये बोटेदादा म्हणाला, "तीन टिक टिक वाजतील, मग तू." आणि प्रसंग सुरू झाला.

घर वरून दिसलं. अंगण, दोरी, काळ्या चादरी. बाबाने हे पहिल्यांदाच पाहिलं. वरून दिसणारी घरं ओळखायला त्याला वेळ लागत नाही, ते त्याचं पोटापाण्याचं काम. तिने पडद्याकडे पाहायचं ते सोडून त्याच्याकडेच पाहिलं. चादरीखाली ते दोन ठिपके आले तेव्हा त्याचा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर गेला. ठिपके या पायावरून त्या पायावर झाले. आणि तिला एकदम दिसलं की ती मुलगी चादरीमागे काय करत असेल: वर आकाशात काहीतरी गुणगुणतंय, तिने मान वर केली असेल, आणि आता ती हात हलवणार. टिक. अकरा सेकंद किती लांब असतात! टिक. ओठ कोरडे. टिक.

"उडवू?"

मोठ्याने नाही, हळूही नाही. तो शब्द तिने बाबाला विचारला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर काय येईल हे तिला माहीत नव्हतं. काचेपलीकडे बाबाने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मागे पाहिलं, जिथे नुसती भिंत होती. वर पाहिलं, जिथे नुसता दिवा होता. जुनी सवय, अंगाने आपोआप केलेली. मग त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचं तोंड हललं. काचेतून आवाज येत नाही. पण चार महिने ती दुसऱ्यांचे ओठ वाचण्याशिवाय दुसरं काय करत होती? ओठ उघडले आणि शेवटी मिटले. घट्ट मिटले. उडव म्हणताना ओठ मिटत नाहीत. मिटतात ते थांब म्हणताना.

"उडव," तिच्या कानात काका म्हणाले, काल भरून ठेवलेले, ठरलेल्या क्षणी, आणि पडदा पांढरा झाला.

पांढरा, आणि तसाच. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं काचेवर चिकटवल्यासारखी दिसत होती. दाराशी उभ्या असलेल्या काकांनी स्वतःचाच आवाज ऐकला होता आणि ते हातातल्या झाकणाकडे असे बघत होते, की जणू ते कुठून आलं हेच त्यांना आठवत नाही. मावशीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बाबा अजून उभाच. त्याचे ओठ अजून मिटलेलेच.

कंपनीचा माणूस आधी बोलला. बोटेदादाने बटण दाबून धरलं होतं म्हणून तिलाही ऐकू आलं. "चांगलंय. पण जरा बसका वाटतो नाही? पहिल्यात मजा होती. पहिलाच ठेवू या." मावशी त्याच्याकडे वळली. तो म्हणाला, "म्हणजे जाहिरात पहिल्यावरच होईल. हा ठेवला तर मग तीन सिनेमांचं वगैरे, बघू." बघू म्हणजे काय हे सोळा वर्षांच्या मुलीला चांगलं कळतं. तिचे आईवडील तिला सोळा वर्षं बघू म्हणत आले आहेत.

"ताई, एकच ठेवायला हवा, दुसरा पुसून टाकायचा," बोटेदादा मावशीला म्हणाला. "दोन्ही मशीनवर राहिले तर जाहिरातीत कुठला जाईल ते मी सांगायला नको." मावशीने घड्याळाकडे पाहिलं. तिथे चारला चार मिनिटं कमी होती. मग तिने काचेतून कुजबुजकडे पाहिलं. वीस वर्षं दुसऱ्यांना काय बोलायचं ते सांगणारी मावशी, ती म्हणाली, "आवाज तुझा आहे. तू सांग."

बोटेदादाचं एक बोट एका बटणावर येऊन थांबलं. त्याने मान वळवली, आणि रोज दहा वेळा ज्याला त्याला विचारतो तसंच, काही म्हणजे काही मनात न आणता त्याने विचारलं,

"पहिला उडवू?"

त्या पहिल्यात टेकडी होती. वारा होता, धूळ होती, सात वर्षांची ती होती, जी तेवढा एकच शब्द मोठ्याने बोलू शकायची. इतक्या वर्षांत तो आवाज दुसरीकडे कुठेच भरून ठेवलेला नव्हता, आणि आता तो त्या बोटाखाली होता. ती पुढे बघू लागली: माईक. मागे: स्पंजाची भिंत. डावीकडे, उजवीकडे: भिंती. वर: दिवा. मग काचेतून बाबाकडे. बाबा तिच्याकडेच बघत होता, आणि या वेळी तो काहीच म्हणत नव्हता. तो तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"उडव," ती म्हणाली.

बोट खाली गेलं. काही वाजलं नाही, काही हललं नाही, मशीनवरची एक हिरवी रेघ होती ती नव्हती. कुजबुज तशीच उभी राहिली, तोंड उघडं. उडव म्हणताना ओठ मिटत नाहीत. म्हणून झाल्यावरही, कितीतरी वेळ, ते मिटत नाहीत.